ताईंच्या भिंगाच्या खाचेत

मी एक स्फटिक बोलतोय. तांदळाच्या कणीच्या अर्ध्याएवढा, सुईसारखा लांबट, एका निळ्या पिंपात माझ्या असंख्य भावंडांबरोबर पडलेला. पिंपावर लाल चिठ्ठी आहे, ‘नापास’. ती चिकटवली त्या दिवशी मला जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. माझ्यात खोट काढायला बसलात तर एकही सापडणार नाही हो! मी इतका बरोबर आहे, की तेच नडलं.

आधी स्फटिक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

मी एका औषधाच्या रेणूंचा बनलोय. नुसते रेणू गोळा झाले म्हणून स्फटिक होत नाही. चार रेणू एका ठरलेल्या तऱ्हेने शेजारी शेजारी बसतात आणि त्यांची एक पेटी होते. डोळ्याला न दिसणारी. पुस्तकात तिला एकक पेशी म्हणतात. मग तीच पेटी उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, पुढे, मागे, पुन्हा पुन्हा. कुठे वळायचं नाही, कलायचं नाही. लाखावी पेटी उघडलीत तरी आत रेणू पहिल्या पेटीतल्यासारखेच बसलेले. घरातली फरशी आठवा, आणि ती जमिनीबरोबरच छताकडेही रचत न्या. झालो मी तयार.

म्हणून आमच्या कडा सरळ असतात. मिठाचा दाणा चौकोनी असतो तो कुणी कापून केलेला नसतो, आतली पेटीच तशी असते. उलट काच बघा. बाहेरून कडक, तोरा मोठा, पण आत नुसती पांगापांग, जो जिथे सापडला तो तिथेच थिजलेला. काचेविषयी मी जास्त बोलत नाही. आणि माणसांविषयी तर नकोच. त्यांना रांग किती जमते हे मी कँटीनच्या खिडकीपाशी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता खरी गोष्ट. तेच रेणू दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बसू शकतात. आमच्या औषधाचे रेणू आजवर सैलसर बसायचे, एकावर एक पाठ टेकून. त्यातून चपटे, पापुद्र्यासारखे स्फटिक व्हायचे. पाणी लागलं की ते पटकन सुटायचे आणि औषध अंगात उतरायचं. मी मात्र दुसऱ्या तऱ्हेचा. माझ्यातले रेणू चारी बाजूंनी एकमेकांचे हात धरून बसलेत. पाण्याने कितीही ओढाताण केली तरी ते लवकर सोडत नाहीत. रेणू तेच, रचना वेगळी. एवढ्याशा फरकाने केवढा अनर्थ होतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

माझा जन्म एका बिघाडातून झाला. आमच्या कारखान्यात पंप बंद पडला आणि औषधाचं गरम द्रावण दोन दिवस मोठ्या भांड्यात तसंच निवत राहिलं. भांड्याच्या आतल्या पत्र्यावर एक बारीक ओरखडा होता. तिथे काही रेणू नेहमीसारखे न बसता भलतेच घट्ट बसले. शेजारच्यांनी त्यांचं पाहिलं आणि तेही तसेच बसले. अशा आमच्या पहिल्या पेट्या तयार झाल्या.

भांडं उघडायला काका आले. हे भांडी सांभाळणारे, नुसता तळहात टेकवून आतलं तापमान सांगायचे, म्हणून सगळे त्यांना थर्मामीटरकाका म्हणत. त्यांच्या पाठोपाठ ताई. ताई म्हणजे इथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ. नियम काहीही असो, प्रत्येक खेपेची चिमूटभर पूड काळ्या कागदावर घ्यायची आणि गळ्यातल्या भिंगाने स्वतः बघायची, ही त्यांची रीत. ते पितळी कडेचं भिंग त्यांच्या वडिलांचं होतं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दोरीत ओवलेलं ते भिंग ताईंच्या गळ्यात वीस वर्षं लटकत होतं आणि ते वेगळं काढता येतं हेच लोक विसरून गेले होते.

ताई वाकल्या. बघतच राहिल्या.

“काका, सुया आहेत या.”

“सुया? आपल्याकडे तर पापुद्रे येतात की.”

“तेच म्हणते मी. बघा ना तुम्ही!”

ताईंनी गळ्यातली दोरी ताणून भिंग पुढे केलं आणि काकांनी वाकून बघितलं. त्या खेचाखेचीत पुडीतून उडालेला एक कण भिंगाच्या पितळी कडेच्या खाचेत जाऊन बसला. तो कण मी. तेव्हा मी धुळीच्या कणापेक्षाही लहान होतो. मला वाटलं, वा, बसायला छान जागा मिळाली.

तास-दोन तासांत औषधाची परीक्षा झाली. कोमट पाण्याच्या भांड्यात कॅप्सूल सोडायची, पाणी हळू ढवळत ठेवायचं आणि अर्ध्या तासाने किती विरघळलं ते मोजायचं. एरवी जवळजवळ सगळं विरघळायचं. त्या दिवशी अर्धा तास झाला, तास झाला, तरी पाण्यात पांढरा गाळ तसाच फिरत होता. ताईंचा चेहरा उतरला. मी त्यांच्या छातीवर लटकत होतो, त्यांचं काळीज किती जोरात धडधडतंय ते मला भिंगाच्या काचेतून कळत होतं. मला वाटलं, एवढं काय घाबरायचं? किती सुबक आहोत आम्ही!

खरं काय ते मला फार उशिरा कळलं. हे औषध फिट येऊ नये म्हणून घ्यायचं असतं. ते विरघळलं नाही तर पोटातून जसंच्या तसं निघून जातं. घेणाऱ्याला वाटतं आपण औषध घेतोय, आणि अंगात काहीच उतरत नाही. आणि ताईंच्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट यायची, तो याच औषधावर होता. तो शिंपी होता. दुसरी दोन-तीन औषधं त्याला देऊन झाली होती, ती लागू पडली नव्हती. हे घ्यायला लागल्यापासून सहा वर्षांत त्याला एकदाही फिट आली नव्हती. या सहा वर्षांत त्याने दुकान टाकलं, लग्न केलं आणि जिने एकट्याने चढायला लागला.

आमच्या कारखान्यात नंतर महिनाभर नुसती घासाघीस चालली. भांडी, नळ्या, भिंती, छतसुद्धा धुतलं. नवी खेप लावली, सुया. पुन्हा धुतलं, पुन्हा सुया. त्याचं कारण असं की द्रावणात रेणू मोकळे, गोंधळलेले असतात, कुठे बसावं ते त्यांना सुचत नसतं. तेवढ्यात माझ्यासारखा एक कण आत पडला की ते त्याच्याकडे बघून भराभर तसेच बसत जातात. एक कण पुरतो. मी हे अभिमानाने सांगत असे. आता जीभ जड होते.

एकच आशा उरली होती. कंपनीचा दुसरा कारखाना, एक दिवसाच्या प्रवासावर. तिथे अजून चपटे स्फटिक येत होते. तिथे काम दुप्पट करायचं ठरलं आणि मदतीला ताईंनी जावं असंही ठरलं. निघण्याआधी त्या भावाच्या दुकानात डोकावल्या. तो कापड बेतत होता.

“किती दिवसांच्या आहेत तुझ्याकडे?” ताईंनी विचारलं.

“आहेत भरपूर. तू काळजी करू नकोस.”

“भरपूर म्हणजे?”

“ताई, माप घ्यायचं काम माझं आहे. तू जा, तिकडचं बघ.”

खरं तर त्याच्याकडे तीन आठवड्यांच्याच कॅप्सूल होत्या. बाजारात औषध मिळेनासं झालंय हे त्याने ऐकलं होतं आणि ताईला घोर नको म्हणून तो गप्प राहिला. गप्प राहायची सवय त्या घरात सगळ्यांनाच होती, मला सोडून. आणि मला तर बोलताच येत नव्हतं.

दुसऱ्या कारखान्याचे नियम फार कडक होते. दारात तपासणीवाली बसलेली. अंगावरचं सगळं काढायचं, अंघोळ करायची, त्यांचे कपडे, त्यांच्या चपला, त्यांची टोपी घालायची. आमच्याकडची पेन्सिलसुद्धा आत नेऊ दिली नाही. ताईंनी बांगडी काढली, कानातलं काढलं, घड्याळ काढलं.

“आणि ते गळ्यातलं?” तपासणीवालीने विचारलं.

“हा दागिना नाही, हे माझं काम आहे,” ताई म्हणाल्या, आणि भिंगावरून ओला रुमाल फिरवला.

काचेवरून फिरवला हो. खाचेतून नाही.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला कुठे कळत होतं की आपण काय आहोत? मी मजेत बसलो होतो, नवी जागा बघत होतो. ताई थेट मोठ्या भांड्यापाशी गेल्या. आत द्रावण नुकतंच निवायला लागलं होतं. झाकणाची खिडकी उघडी होती. पहिला चपटा स्फटिक धरतोय का, हे बघायला ताई खिडकीवर ओणवल्या. सवयीने भिंग डोळ्याशी नेलं. वाफेने पितळ ओलं झालं, माझी पकड सुटली आणि मी खाली पडलो.

पुढचं सांगताना अजून कापरं भरतं. मी द्रावणात बुडालो आणि चारी बाजूंनी रेणू माझ्यावर धावून आले. एक बसला, दुसरा बसला, रांगा भराभर वाढत गेल्या. मी फुगत होतो, लांबत होतो. माझ्या अंगाचे तुकडे तुटून पडले, आणि त्यांच्याभोवती नव्या सुया धरल्या. चपटे स्फटिक जे थोडेबहुत तयार झाले होते ते माझ्या डोळ्यांदेखत विरघळले आणि त्यांचे रेणू आमच्यात येऊन बसले. सकाळी पडलो तो दुपारपर्यंत सगळं भांडं माझं झालं होतं. एवढं मोठं कुटुंब! खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

पूड बाहेर काढली, वाळवली. ताईंनी काळ्या कागदावर चिमूट घेतली. योगायोग असा, की त्या चिमटीत मी होतो. त्यांनी भिंग लावलं आणि पलीकडून त्यांचा डोळा मला दिसला, भला मोठा. तो बघता बघता पाण्याने भरला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “इथे नाही. इथे कसं शक्य आहे?”

कागद हातातून निसटला. मला कुणीतरी झाडून पुन्हा पिंपात टाकलं आणि पिंपावर ती लाल चिठ्ठी लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला बघून माणसं रडतात.

त्याच वेळी ताईंचा फोन वाजला. मी पिंपात, पिंप त्यांच्या पायाशी. पलीकडे त्यांची भावजय होती, आवाज इतका मोठा की पिंपातही ऐकू आला.

“वन्सं, यांना फिट आली. इस्त्री करत होते. हात इस्त्रीखाली राहिला हो!”

“फिट? कॅप्सूल घेतली नव्हती?”

“एक दिवस सोडून घेत होते. पुरवून पुरवून. मला आत्ता कळलं.”

“आता कसा आहे?”

“शुद्धीवर आलेत. हात भाजलाय चांगलाच. आणि काय म्हणतात माहितीये? ताईला सांगू नकोस म्हणे.”

ताई पिंपाला पाठ लावून खाली बसल्या. मी त्या पत्र्याच्या पलीकडून त्यांचा श्वास ऐकत होतो. माझ्यात एवढ्या रांगा आहेत, पण त्या वेळी एकही रांग मला माझी वाटेना.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. तिथे एक यंत्रवाली होती, नवीनच लागलेली, क्ष-किरणांचं यंत्र चालवायची. पूड त्या यंत्रात ठेवली की किरण आमच्या रांगांवर आपटून ठरलेल्या कोनांनी परततात आणि कागदावर शिखरं उमटतात. प्रत्येक रचनेची शिखरं वेगळी, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी. तिने आमची शिखरं काढली आणि पहिल्या कारखान्यातल्या सुयांच्या शिखरांवर ठेवून पाहिली. एक रेघ इकडची तिकडे नाही.

“म्हणजे हे इथे आपोआप झालेलं नाही,” ती म्हणाली. “तिकडूनच काहीतरी आलंय.”

“तिकडून फक्त मी आलेय,” ताई म्हणाल्या. “कपडे तुमचे, चपला तुमच्या, टोपी तुमची. वहीसुद्धा इथली. मी काहीच आणलेलं नाही.”

यंत्रवाली थोडी घुटमळली. मोठ्या माणसाला कसं सांगावं, असं तिला झालं असणार. मग तिने नुसतं बोट दाखवलं.

“आणि ते?”

ताईंनी खाली बघितलं. सगळ्यांनी बघितलं. भिंग रोजच्यासारखं लटकत होतं. आजवर कुणालाच ते दिसलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना रोज दिसत होतं.

यंत्रवालीने टाचणीने खाच खरवडली आणि जे निघालं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्या महिनाभरात माझ्यामागून खाचेत येऊन बसलेली माझी भावंडं होती तिथे. अगदी सुबक, अगदी बरोबर. ताईंनी एकदा बघितलं. ज्या भिंगाने त्या महिनाभर शत्रू शोधत होत्या, त्याच भिंगाच्या कडेला तो बसला होता. डोळ्यापासून बोटभर अंतरावर.

“माझ्या हाताने,” त्या म्हणाल्या. “माझ्या भावाचं औषध मीच, माझ्या हाताने...” वाक्य पुरं झालं नाही.

त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. तेवढ्यात थर्मामीटरकाकांचा फोन आला. काकांना बातमी पोचली होती.

“ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“मला तुमचं ते पेटीबिटीचं कळत नाही. पण भांडं तापवलं की पापुद्रे असोत की सुया, शेवटी सगळं पाण्यासारखंच दिसतं मला. आत औषध तेच ना?”

“तेच.”

“मग थंड करून पूड करायची कशाला? पातळच द्या की.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. नंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं, तेही रडता रडता.

“काका, किती कडू लागेल माहितीये का ते?”

“लागू दे की. फिट काय गोड लागते?”

एवढं सोपं होतं ते. द्रावणात रचना नसतेच. रेणू मोकळे असतात, पेटी नाही, रांग नाही. मग ते आधी पापुद्र्यात बसले होते की सुईत, याला काही अर्थ उरत नाही. काकांनी जे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते भिंगवाल्यांना दिसलं नव्हतं. सगळे माझ्याकडेच बघत बसले होते ना!

पुढचे दोन महिने धावपळीत गेले. कोणत्या मिश्रणात आम्ही सगळेच्या सगळे विरघळतो, थंडीत पुन्हा सुया धरत नाहीत ना, बाटलीत किती दिवस टिकतं, हे सगळं तपासून झालं. इतके दिवस भावजय सावलीसारखी नवऱ्यामागे फिरत होती. त्याला मध्ये आणखी दोनदा फिट आली. दुकान बंद होतं. तो जिने पुन्हा कुणाचा तरी हात धरून चढायला लागला होता. काल परवानगी आली. पहिल्या खेपेसाठी नवी पूड करायला वेळ नव्हता, म्हणून नापास पिंपं पुन्हा तपासून तीच घ्यायचं ठरलं. म्हणजे आम्हीच.

ते भिंग आता दोन्ही कारखान्यांतून हद्दपार आहे. यंत्रवालीने ते काचेच्या बरणीत घालून, तोंड पक्कं बंद करून तपासणीच्या दाराबाहेर ठेवलंय. ते ठेवा, असं ताईंनीच सांगितलं. येणारा जाणारा बांगडी काढतो, घड्याळ काढतो आणि बरणीकडे बघून आपल्या अंगावर आणखी काय राहिलंय ते चाचपतो. काचेला मी नावं ठेवली होती, ती त्या बरणीपुरती परत घेतो.

आत्ता माझ्या पिंपाचं झाकण उघडलंय. वर ताईंचा चेहरा आहे, गळा मोकळा. बाजूच्या भांड्यात गरम द्रव फिरतोय. पाच मिनिटांत मी त्यात असेन. रेणू एकमेकांचे हात सोडतील, कडा विरतील, लाखो पेट्या एकेक करून उघडतील आणि मी म्हणून जे काही आहे ते उरणार नाही. भीती वाटते. ज्या नीटनेटकेपणाचा आयुष्यभर तोरा मिरवला तोच मोडायचाय. पण इतके दिवस औषधाच्या रेणूंचा असूनही मी कुणाचं औषध झालो नाही, ही सल त्या भीतीपेक्षा मोठी आहे.

तुम्हाला एकच विनंती. पुन्हा पूड करायला घ्याल तेव्हा फक्त भांडी धुऊन थांबू नका. जे तुम्हाला स्वतःपासून वेगळं वाटत नाही, तेही एकदा काढून बघा.

ताईंनी पिंप कलतं केलंय. मी निघालो. आणि भाऊ, तुला सांगतो, उद्या सकाळी तुझी बहीण चमचा घेऊन येईल. फार कडू आहे मी. तोंड वाकडं कर, तिला काय बोलायचं ते बोल, पण या वेळी पुरवून पुरवून नको. चमचा पूर्ण भरून घे.